सातवं मडकं

अर्जावर 'कुटुंबप्रमुखाचे नाव' असा रकाना दिसला की कळंबच्या लडकूभाऊ ठोंबऱ्यांचं डोकं सणकतं. पूर्वी असं नव्हतं. रसायनीच्या कंपनीत नोकरी होती त्या बावीस वर्षांत या रकान्यात ते स्वतःचं नाव असं ठसठशीत लिहीत, की शेवटची दोन अक्षरं शेजारच्या 'वय' या रकान्यात जाऊन बसत. मग कंपनीला टाळं लागलं. त्याच वर्षी नवं रेशनकार्ड आलं आणि सरकारच्या नियमाप्रमाणे त्यावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या मोठ्या बाईचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, नंदाचं नाव छापून आलं. लडकूभाऊंनी ते कार्ड तीन दिवस फळीवर पालथं ठेवलं होतं. एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं, पण घर प्रत्यक्षात चालवत होती तिसरीच. ती म्हणजे त्यांची लेक सोनाली. वय वीस, शिक्षण एमबीबीएस पहिलं वर्ष.

सोमवार ते शुक्रवार सोनाली कॉलेजच्या हॉस्टेलात असायची. शनिवारी सकाळच्या एसटीने घरी, रविवारी संध्याकाळी परत. मधल्या दोन दिवसांत ही मुलगी जे काम उरकायची ते पाहून लडकूभाऊंना कंपनीतले सगळे सुपरवायझर आठवायचे आणि त्या सगळ्यांची कीव यायची. थंडीत ती रिसॉर्टवर येणाऱ्या मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांना पोपटी करून घालायची. पावसाळ्यात तिने भातलावणीचा 'अनुभव' काढला होता. म्हणजे शहरातल्या माणसांनी पैसे देऊन आपल्या शेतात वाकायचं आणि आपण बांधावर उभं राहून "छान, छान" म्हणायचं. शिवाय हॉस्टेलातून रोज तासभर गावातल्या दहावीच्या मुलांना फोनवर विज्ञान. आणि उरलेल्या वेळात माणसाच्या अंगातली दोनशे सहा हाडं पाठ करायची. आपली शेती असून शहराच्या माणसाकडून भात लावून घेता येतो, ही गोष्ट लडकूभाऊंना बावीस वर्षांत सुचली नव्हती. ती लेकीला सुचली याचा त्यांना अभिमान होता आणि रागही होता, आणि यातलं कधी काय वर येईल ते त्यांच्या हातात नव्हतं.

पोपटी सगळ्यांना माहीत असते असं आम्ही रायगडची माणसं धरून चालतो, पण घाटावरच्या माणसाला सांगावं लागतं. मडक्याला आतून भांबुर्ड्याचा पाला लावायचा, त्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, हवं तर मसाला लावलेलं चिकन, वर ओवा आणि जाडं मीठ. तोंड पुन्हा पाल्याने गच्च बंद करायचं आणि मडकं जमिनीवर उपडं ठेवून भोवती पेंढा नि काटक्या पेटवायच्या. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. सोनालीने यातही पद्धत बसवली होती. भरलेल्या मडक्यावर ती गेरूचा पट्टा ओढायची. एक पट्टा म्हणजे नुसत्या शेंगा, दोन पट्टे म्हणजे चिकन. आणि ज्यावर पट्टा नाही त्या मडक्याला कुणीही हात लावायचा नाही.

हा शेवटचा नियम कशासाठी होता तेही सांगायला हवं. सोनालीला अभ्यासासाठी खरी हाडं लागत. रिया नावाच्या तिच्या सिनियर मैत्रिणीने आपला हाडांचा संच तिला वर्षभर वापरायला दिला होता. पहिल्या दिवशी ती पिशवी घरात आली तेव्हा नंदाकाकू उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या. "कुणाचा तरी बाप असंल त्यो. पिशवीत घालून खाटंखाली ढकलायचा व्हय? माणसाच्या हाडांची जागा मडक्यात." शेवटी तडजोड झाली. लांब हाडं गोणपाटात गुंडाळून आढ्याला टांगली आणि लहान हाडं, म्हणजे मणके, हातापायाची हाडं, एक खुब्याचं आणि खालचा जबडा, एका नव्या मडक्यात ठेवली. किडा लागू नये म्हणून तोंडाला भांबुर्ड्याचा पाला. नंदाकाकू त्यांना 'आजोबा' म्हणू लागल्या, आणि सणावाराला मडक्यापुढे उदबत्ती लावू लागल्या. "आजोबा, पोरीला पास करा," असं हळूच सांगायच्याही.

फेब्रुवारीत सोनालीची परीक्षा आली. लेखी झाली, आणि शरीरशास्त्राचं प्रॅक्टिकल राहिलं ते नेमकं सोमवारी सकाळी नऊला. गुरुवारी तिचा फोन आला. "बाबा, या रविवारी चाळीस माणसांची पोपटीची ऑर्डर आलीय. पुण्याची कंपनी हाय. मी नाय सांगते. मला रविवार पूर्ण पाहिजे. यात राहिले तर सहा महिने मागं पडेन, आणि सहा महिने जास्तीचे कॉलेज नि घर दोन्ही ओढायचं माझ्यात बळ नाय हो. मग कॉलेजच सोडावं लागंल."

सोनाली 'बळ नाय' असं कधी म्हणत नसे. लडकूभाऊ घाबरले. पण माणूस घाबरला की नेमकं मोठ्याने बोलतो. "नाय कशाला सांगतेस? मी मेलो का काय? तू वर माळ्यावर बसून अभ्यास कर. पोपटी मी लावतो. लहानपणापासून लावतोय, तुजा जन्मबी नव्हता."

"बाबा, गेरूचे पट्टे..."

"सहा मडकी मोजायला काय डॉक्टर लागतो व्हय गं?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि छाती भरून श्वास घेतला. हे काम छोटं होतं. सहा मडकी, चाळीस माणसं, एक दुपार.

शुक्रवारी सकाळी शेजारचे विकासभाऊ ओटीवर येऊन बसले. विकासभाऊ ग्रामपंचायतीचे माजी सदस्य. माजी झाल्यापासून त्यांना नियम जास्त पाठ झाले होते. "लडक्या, चाळीस माणसांत जाळ करायचा म्हंजे पंचायतीचा ना हरकत दाखला लागंल. उद्या ठिणगी उडाली तर?"

"सोनाली कधी काढत नाय दाखला."

"त्ये मला नाय म्हाईत. ती पोर हाय. तू कुटुंबप्रमुख."

हा शब्द ऐकल्यावर लडकूभाऊंना न जाणं शक्यच नव्हतं. पंचायतीत अर्ज घेतला, रकान्यात ठसठशीत नाव लिहिलं, शेवटची अक्षरं 'वय'मध्ये गेली. टेबलामागच्या बाईंनी रेशनकार्ड मागितलं, कार्ड पाहिलं, अर्ज पाहिला आणि म्हणाल्या, "यात प्रमुख नंदाताई आहेत. त्यांची सही आणा." लडकूभाऊ परत घरी. नंदाकाकू शेण सारवत होत्या. त्यांनी कोपराने पदर सावरला, अर्ज वाचला आणि म्हणाल्या, "म्हंजे तुमाला जाळ करायला माजी परवानगी लागती तर." एवढं म्हणून त्यांनी सही केली, पण ते वाक्य त्या दिवसभर अधूनमधून पुन्हा म्हणत राहिल्या. कागदाला शेणाचा अंगठा लागल्यामुळे बाईंनी दुसरा अर्ज भरायला लावला. तिसऱ्या फेरीला बाई म्हणाल्या, "पोपटीला दाखला लागत नाही हो, पण आता आलायत तर घेऊन जा." लडकूभाऊंनी तो दाखला घडी घालून खिशात ठेवला आणि विकासभाऊंशी संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत.

शनिवारी पाल्याचा घोळ झाला. फेब्रुवारीत भांबुर्डा वाळून जातो. जो हिरवा राहतो तो डोंगराच्या सावलीत, आणि तो सोनालीला वाडीवरची गोदा आणून द्यायची. लडकूभाऊ वाडीवर गेले. गोदा अंगणात मोळी बांधत होती.

"पाला दे गं गोदे."

"सोनालीचा निरोप नाय आला."

"मी सांगतोय ना."

"दादा, सोनाली बुधवारीच सांगते. मंग मी गुरुवारी वर जाते. आता पाला वर हाय नि मी खाली हाय," असं म्हणून तिने डोंगराकडे बोट दाखवलं. "पायवाट सोपी हाय. दोन ठिकाणी बसून उतरायचं, लाज नाय धरायची."

लडकूभाऊ गेले. बसून उतरायच्या ठिकाणी त्यांनी लाज धरली, त्यामुळे तिथे ते लोळून उतरले. पाला मिळाला, पण उजव्या बाजूची विजार टराटरा फाटली. ते भारा डाव्या बाजूला आणि दाखला उजव्या बाजूला धरून गावातून घरी आले. सोनाली ओटीवर पुस्तक घेऊन बसली होती. तिने वर पाहिलं, ओठ घट्ट मिटले आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. हसली नाही. ही मुलगी पुढे फार चांगली डॉक्टर होणार, असं लडकूभाऊंना त्या क्षणी मनापासून वाटलं.

रविवार उजाडला. सोनालीने पहाटेपासून मडक्यातली हाडं काढून डोळे मिटून हाताने ओळखली, उजवं कोणतं, डावं कोणतं. आठ वाजता ती परत मडक्यात भरून, वर ताजा पाला कोंबून मडकं पडवीत नेहमीच्या जागी ठेवलं आणि उरलेली पुस्तकं घेऊन ती माळ्यावर गेली. "पाच वाजेस्तोवर खाली यायचं नाय," लडकूभाऊंनी हुकूम सोडला आणि शिडी काढून घेतली. पाचची एसटी तिला धरायची होती. ती चुकली तर सकाळी नऊला कॉलेजात पोचायला दुसरी गाडीच नव्हती.

नंदाकाकूंनी आणि लडकूभाऊंनी मिळून पडवीतच मडकी भरली. तीन नुसत्या शेंगांची, तीन चिकनची. गेरूची वाटी समोर होती. लडकूभाऊंनी ती पायाने बाजूला सारली. मग नंदाकाकू ताटं घासायला विहिरीवर गेल्या आणि लडकूभाऊ एकटेच एकेक मडकं उचलून मागच्या शेतात नेऊ लागले. शेवटची फेरी संपवून ते घाम पुसत पडवीत आले, तर तिथे आणखी एक मडकं. तोंडाला ताजा, हिरवागार पाला.

"बघा," ते पोपटी बघायला येऊन बसलेल्या विकासभाऊंना म्हणाले, "ही बाय एक मडकं विसरूनच गेली. म्हणून घरात पुरुषाचं लक्ष लागतं."

पाल्याच्या फटीतून मूठभर ओवा सोडून मडकं उपडं करताना आत खडखड वाजलं.

"काय वाजतंय रं?" विकासभाऊंनी विचारलं.

"बटाटे. कडक हायत. गावठी."

अकरा वाजता जाळ पेटला. पाहुणे आले, कंपनीच्या सारख्या टोप्या घालून. लडकूभाऊंनी त्यांना पोपटीची माहिती दिली आणि कुणी विचारलेलं नसताना ना हरकत दाखलाही दाखवला. मडक्यावर पाणी शिंपडलं, चर्र झालं. पोपटी तयार. वासाने माणसं पुढे सरकली. लडकूभाऊ इतके खूश होते की मधूनच माळ्याच्या खिडकीकडे बघून हात हलवत होते. पोरीला एक रविवार मिळवून दिला होता त्यांनी. साऱ्या वर्षात तिला आपण दिलेली ही पहिली गोष्ट, असं त्यांच्या मनात आलं आणि धुराचं निमित्त करून त्यांनी डोळे पुसले.

पहिलं मडकं शाकाहारी पंगतीपुढे ओतलं. त्यातून चिकन निघालं. एक जैन बाई किंचाळून उठल्या. लडकूभाऊंनी घाईघाईने ते उचलून दुसऱ्या पंगतीला दिलं आणि दुसऱ्या पंगतीतलं इकडे आणलं, तर तेही चिकनच. "पट्टा असता तर कळलं असतं," विकासभाऊ म्हणाले. लडकूभाऊंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते दोन पावलं मागे सरले.

मग सातवं मडकं एका जाड्या साहेबांच्या पंगतीपुढे ओतलं गेलं. वाफ आली, भांबुर्ड्याचा वास आला, आणि पाल्यातून दणादण हाडं पडली. साहेबांनी एक मणका उचलला, उलटासुलटा करून पाहिला आणि आवाज चढवला, "अहो, आम्ही चिकन सांगितलं होतं. मटण का? आणि मटण तरी कुठंय? सगळी हाडंच! पुण्याचे आहोत म्हणून काहीही वाढायचं का?"

"साहेब, गावठी बोकड असतो, मांस कमी असतं," असं लडकूभाऊ बोलून गेले. का बोलले ते त्यांना आजही सांगता येत नाही. हातात मडकं होतं, समोर गिऱ्हाईक होतं, काहीतरी बोलायला हवं होतं.

तेवढ्यात साहेबांच्या शेजारच्या तरुणाने जबडा उचलला. त्यात दात होते. एका दाढेत चांदी भरलेली होती.

"हा बोकड," तो तरुण हळू आवाजात म्हणाला, "दाताच्या डॉक्टरकडे जायचा का?"

पुढचं सगळं एकदम झालं. चाळीस टोप्या शेताबाहेर पळाल्या. दोघांनी पोलिसांना फोन लावला, तिघांनी व्हिडिओ काढला. नंदाकाकू विहिरीवरून धावत आल्या, त्यांनी पानावरचा जबडा पाहिला आणि कपाळावर हात मारून खालीच बसल्या. "आजोबाऽऽ! अहो, माज्या आजोबांना भाजलं ह्यांनी!" हे वाक्य व्हिडिओत अगदी स्पष्ट आलं आहे.

हाडं भाजली, ती रियाची. उद्या परीक्षा. आणि शिडी त्यांनीच काढून ठेवली होती. ते गेले, शिडी लावली आणि खाली उभे राहून म्हणाले, "सोनाली, खाली ये गं. माज्याकडनं फार वंगाळ झालं."

सोनाली खाली आली. सगळं ऐकलं. एकदाही 'मी सांगितलं होतं' म्हणाली नाही. पानावरची हाडं तिने एकेक उचलून, पुसून, ओढणीवर मांडायला सुरुवात केली. "करपली नायत बाबा. थोडी काळी झालीत. पाला होता म्हणून वाचली." मग तिने घड्याळ पाहिलं. दोन वाजले होते. पण हात थांबले नाहीत.

हवालदार पेमारे मोटारसायकलवरून आले. आधी त्यांनी गर्दी मागे हटवली, मग हाडं पाहिली, मग टोपी काढून पुन्हा घातली. "माणसाची हाडं. मडक्यात. ओवा लावून. सगळ्यांना ठाण्यात यावं लागेल."

"साहेब, माझी उद्या सकाळी परीक्षा आहे," सोनाली म्हणाली. "मी मेडिकलला आहे. हा अभ्यासाचा संच आहे. बघा, प्रत्येक हाडावर लाल-निळ्या पेन्सिलच्या खुणा आहेत. स्नायू कुठून सुटतो ती लाल, कुठे चिकटतो ती निळी. जोडायला भोकं पाडलेली आहेत." तिने ओळखपत्र दाखवलं, रियाला व्हिडिओवर घेतलं. रियाने हवालदारांना संच घेतल्याची पावतीही दाखवली. हाडांची अवस्था पाहून ती फक्त एवढंच म्हणाली, "सोना, हा धूर कसला?"

हवालदारांनी मोठ्या साहेबांना फोन लावला. बराच वेळ "हो साहेब, ओवा साहेब" झालं. फोन ठेवून ते म्हणाले, "साहेब म्हणतात, जागेवर पंचनामा करा, प्रत्येक हाडाची नोंद घ्या. आता मला हाडांची नावं कुठून येणार?"

"मी सांगते," सोनाली म्हणाली.

आणि मग जे झालं ते कळंबच्या लोकांनी आजवर पाहिलं नव्हतं. सोनाली शेतात मांडी घालून बसली. समोर हवालदार कागद घेऊन, पंच म्हणून एका बाजूला विकासभाऊ, दुसऱ्या बाजूला तेच जाडे साहेब, आणि भोवती चाळीस टोप्या हळूहळू परत येऊन उभ्या. सोनाली एक हाड उचलायची आणि न अडखळता सांगायची. "उजव्या पायाचं, टाचेचं हाड. यावर शरीराचा भार येतो. ही खाच स्नायूच्या दोरीसाठी." "डाव्या हाताच्या मनगटातलं, होडीच्या आकाराचं. पडताना हात टेकला की हेच मोडतं." "मानेचा पहिला मणका. यावर डोकं तोललेलं असतं, म्हणून आपण 'हो' म्हणून मान हलवू शकतो." चाळीसही जणांनी नकळत मान हलवून पाहिली.

हवालदार लिहीत होते. चुकले की ती थांबवायची. "अनोळखी पुरुष," त्यांनी लिहिलं, तर म्हणाली, "साहेब, स्त्री. हे खुब्याचं हाड बघा, ही खाच रुंद आहे."

नंदाकाकूंनी मान वर केली. "म्हंजे गं? वरीसभर मी आजीला आजोबा म्हणत व्हते?"

"तुजं मन लागलं व्हतं आई. मोडवंना."

लडकूभाऊ बांधावर बसून पाहत होते. ही आपली मुलगी. दहावीच्या मुलांना शिकवून, शेंगा भाजून, एसटीत उभी राहून हिने हे सगळं कधी पाठ केलं? आपण रोज घरात रिकामे बसून साधा रकाना धरून रुसलो होतो. इतका अभिमान त्यांना स्वतःच्या पगाराचाही कधी वाटला नव्हता.

पावणेपाचला पंचनामा संपला. हवालदारांनी लिहून दुखलेली बोटं मोडली. "आता हमीपत्र. बोलावलं की ठाण्यात हजर राहीन, म्हणून कुटुंबप्रमुखाने सही करायची. मुद्देमाल त्यांच्या ताब्यात. कोण कुटुंबप्रमुख?"

"मी," नंदाकाकू पुढे झाल्या. "रेशनकार्डावर माजं नाव हाय. मला न्या काय न्यायचं ते."

"आई, थांब. हाडं माझी, पोपटीचं काम माझं. मी प्रमुख," सोनाली म्हणाली.

"तुमी दोघी गप बसा गं!" लडकूभाऊ ओरडले. "जाळ मी लावला. मी प्रमुख."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "इतकी वर्षं नोकरी केली. सही नको म्हणून माणसं गोठ्यात लपतात. आणि तुमच्या एका घरात तीन प्रमुख?"

लडकूभाऊ त्यांच्याजवळ जाऊन उकिडवे बसले. "हवालदार, सही माजी घ्या. चूक माजी हाय, आन ठाण्यात खेटे घालायला घरात रिकामा मीच हाय. पण त्या रकान्यात नाव सोनालीचं लिवा. सोनाली लडकू ठोंबरे. नीट लिवा, ठसठशीत. रकान्याभायेर गेलं तरी चालंल."

"मग तुमचं काय लिहू? तुम्ही कोण?"

"बाप."

हवालदारांनी तसं लिहिलं. सोनालीने वडिलांचा राख लागलेला हात धरला आणि तसाच धरून ठेवला.

या सगळ्यात एसटी चुकायची ती चुकलीच. पण जाडे साहेब म्हणाले, "डॉक्टर, आमची बस खालापूरवरूनच जाते. तिथून तुमच्या कॉलेजकडे जाणारी गाडी पकडून देतो." म्हणजे सोनाली कंपनीच्या बसमध्ये, मांडीवर हाडांची पिशवी घेऊन, पुढच्या सीटवर बसून गेली. पुढे तिने फोनवर सांगितलं की खालापूर येईपर्यंत बारा जणांनी कंबर, पाच जणांनी मान आणि खुद्द साहेबांनी गुडघा दाखवला. ती प्रत्येकाला सांगत होती, "मी अजून पहिल्या वर्षाला आहे हो," आणि प्रत्येक जण म्हणत होता, "चालेल."

प्रॅक्टिकलला परीक्षकांनी तिच्या हातात टाचेचं हाड दिलं. तिने बाजू सांगितली, खाचा सांगितल्या, सगळं सांगितलं आणि ओघात पुढे बोलून गेली, "सदर हाड सुस्थितीत असून त्यास ओव्याचा वास येत नाही." परीक्षकांनी चष्मा काढला. मग तिला सगळी हकीकत सांगावी लागली, आणि म्हणे शेजारच्या टेबलावरचे परीक्षकही खुर्ची ओढून ऐकायला आले. संच परत मिळाल्यावर रियाचा निरोप आला. हाडं ठीक आहेत, पण पिशवी उघडली की भूक का लागते, एवढं सांग.

तीन महिन्यांनी हवालदार पेमाऱ्यांनी कागद बंद करायला ठाण्यात बोलावलं. लडकूभाऊ नवी विजार घालून, वेळेच्या अर्धा तास आधी जाऊन बसले. हवालदारांनी फाईल उघडली, रकान्यावर बोट ठेवलं आणि गंभीरपणे विचारलं, "कुटुंबप्रमुख आल्या नाहीत?"

लडकूभाऊ उठून उभे राहिले.

"नाय साहेब. त्या कॉलेजात गेल्यात, आता दुसऱ्या वर्षाला हायत," ते म्हणाले. "मी त्यांचा बाप आलोय."